कापलेल्या तुळशीतलं तेल जातं कुठं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या तुमच्या वावरात दीड एकर गवती चहा आणि अर्धा एकर तुळस आहे. ऑगस्टात कापलेल्या गवती चहाचं तेल कमी निघालं आणि त्याला आंबूस वास आला. मे महिन्यात तुळस कापून घराच्या स्लॅबवर वाळवली. ती लवकर वाळली, पण तपकिरी पडली, वास गेला आणि व्यापाऱ्याने परत केली. मागच्या हंगामातलं दोन कॅन तेल घरात राहिलं होतं, ते दाट आणि गडद झालं. रोपंच खराब मिळाली असं तुम्हाला वाटतंय आणि यंदा सगळं मोडून सोयाबीन पेरायचा विचार आहे.

मोडू नका. मी वर्धा जिल्ह्यात एकोणीस वर्षांपासून तेल काढायची छोटी भट्टी चालवतो आणि तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी माझ्याकडेही घडून गेल्या आहेत. तुमचं वर्णन वाचून मला तरी रोपांत दोष दिसत नाही. तेल झाडात भरलं होतं. ते विळा लागल्यानंतर गेलं.

एक प्रयोग करून पाहा, दोन मिनिटांचा आहे. तुळशीच्या पानावरून नुसतं बोट फिरवा आणि बोटाचा वास घ्या. मग गवती चहाच्या पानावरून तसंच बोट फिरवा. तुळशीचा वास लगेच बोटाला लागतो. गवती चहाचं पान मात्र चुरगाळल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय पुरता वास देत नाही. तुळस, पुदिना, सब्जा या कुळात तेल पानाच्या पृष्ठभागावर अगदी बारीक ग्रंथींमध्ये साठतं. वरून पातळ पापुद्रा असलेल्या त्या पिशव्याच असतात. भिंगातून पाहिलं तर चमकणारे ठिपके दिसतात. गवती चहा आणि तिखाडी (रोशा गवत) यांचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं. धने आणि ओवा यांचं तेल तर दाण्याच्या आत, नळ्यांसारख्या पोकळ्यांत बंद असतं.

एवढं डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ज्याचं तेल वर आहे ते तुडवलं, दाबलं, पोत्यात पायाने ठासलं की जागेवरच फुटतं. ज्याचं तेल आत आहे त्याला थोडी धसमुसळ चालते, पण कापून तुकडे केले की तेही उघडं पडतं. दाण्यातलं तेल सगळ्यांत सुरक्षित. म्हणून सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाळवला की त्याचा वास जवळजवळ संपतो आणि त्याच झाडाचे धने डब्यात वर्षभर वास धरून राहतात. धन्याचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. हिरव्या, कच्च्या दाण्याला ढेकणासारखा उग्र वास असतो, तो अल्डिहाइड नावाच्या घटकांचा. दाणा पिकत जातो तसे ते कमी होतात आणि लिनालूल हा सुवासिक घटक वाढतो, मग गोडसर वास येतो. म्हणजे कधी कापलं यावर तेल किती हे ठरतं, तसं कोणतं तेल हेही ठरतं.

आता तुमचा ऑगस्ट घेऊ. पावसाळ्यात गवती चहा जोमाने वाढतो, हिरवागार दिसतो, वजन भरपूर भरतं. पण पानात पाणी जास्त असतं आणि ढगाळ दिवसांत तेल कमी बनतं. चांगल्या हंगामात १०० किलो हिरव्या पानातून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम तेल निघतं. सततच्या पावसात कापलेल्या मालातून त्याहून कमी निघालं तर त्यात नवल नाही. त्यासाठी ऑगस्टची कापणी सोडायची का? नाही. नुसती सोडून दिली तर पानं जुनी होतात, शेंडे पिवळे पडून वाळतात आणि जुन्या पानात तेल कमीच राहतं. दोन-तीन दिवस सलग उघडीप मिळाली की कापायचं, पानावरचं पाणी पूर्ण सुकल्यावर. लागवडीनंतरची पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, पुढे पाणी असेल तर दर दोन-अडीच महिन्यांनी. जमिनीपासून चार ते सहा इंच वर कापा. त्याखालच्या पांढऱ्या बुडख्यात तेल नगण्य असतं आणि खोल कापलं की ठोंब मरतो.

आंबूस वास मात्र पावसाचा नाही. तुम्ही लिहिलंय की दिवसभर कापलेला माल बैलबंडीत भरून भट्टीवर नेला आणि आधी दुसऱ्याचा माल असल्यामुळे रात्रभर तिथंच ताडपत्रीखाली राहिला. ओल्या सोयाबीनची गंजी आतून कशी तापते ते तुम्ही पाहिलं असेल. हिरव्या गवताचा ढीगही तसाच तापतो. कापलेलं पान लगेच मरत नाही, श्वास घेत राहतं, त्यातून उष्णता निघते. ओल आणि उष्णता मिळाली की बुरशी, जिवाणू कामाला लागतात. तेल काही प्रमाणात उडतं, काही बिघडतं, आणि सडक्या पानाचा वास वाफेबरोबर तेलात उतरतो. माझ्या दुसऱ्या वर्षी असा एक ढीग मी सकाळी उघडला तर आत कोपरापर्यंत हात घालवत नव्हता. त्या मालाचं तेल मी तीनदा गाळलं, वास गेला नाही. तो जात नाहीच.

म्हणून भट्टीचा नंबर आधी लावा आणि विळा नंतर चालवा. आपल्याकडे लोक उलटं करतात. मजूर मिळाले की कापून घेतात आणि मग भट्टी शोधतात. एका दिवसात भट्टी जेवढं घेईल तेवढंच कापा. नंबर मागेपुढे झाला तर माल सावलीत, वीतभर जाडीने पसरून ठेवा, वर ताडपत्री नको. गवती चहा आणि तिखाडी असा पसरून एक दिवस सुकवला तर नुकसान होत नाही, उलट फायदा होतो. पानातलं काही पाणी निघून जातं, टाकीत माल जास्त बसतो, इंधन कमी लागतं. तुळशीला मात्र एवढा वेळ देऊ नका, चार-पाच तास पुरे. का, ते वर आलंच आहे: तिचं तेल उघड्यावर आहे.

दिवसातली वेळही बघा. हिवाळ्यात दव पडतं, ते सुकेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, त्याआधी कापू नका. उन्हाळ्यात दव नसतं, तेव्हा उजाडल्याबरोबर सुरू करून दहाच्या आत विळे खाली ठेवा. दुपारी एक वाजता मे महिन्याच्या झळांत कापलेली तुळस वावरातच तेल सोडायला लागते, जवळ उभं राहिलं की वास येतो. पुष्कळ जण म्हणतात, वास काय मस्त सुटलाय. तो वास म्हणजे तुमचा माल हवेत जातोय. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी कापसाला जातात आणि आपल्या वाट्याला दुपार येते, ही अडचण मला ठाऊक आहे. डिसेंबरात दुपारी कापलं तर फार बिघडत नाही, ते करून घ्या. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळचाच रोज (मजुरी) द्या, थोडा जास्त द्यावा लागला तरी.

तुळस कधी कापायची? मंजिऱ्या भरपूर आल्या आणि फुलं उमलली की. लागवडीपासून साधारण तीन महिन्यांनी. मंजिऱ्या तपकिरी होऊन बी धरेपर्यंत थांबलात तर खालची पानं गळतात आणि उरतात काड्या, ज्यांत तेल नाही. वीतभर बुंधा ठेवून कापा, पुन्हा फुटते. पुदिन्याचंही असंच वयाचं गणित आहे. कोवळ्या पानात मेन्थोन जास्त असतं, पान जून होतं तसं त्याचं मेन्थॉल होतं. फार लवकर कापलेल्या पुदिन्याचं तेल भरपूर निघालं तरी त्यातलं मेन्थॉल कमी भरतं आणि भाव मेन्थॉलवर असतो.

तिखाडीचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण तुमच्या भागात ती रानात उगवते म्हणून सांगतो. रोशा गवत म्हणतात ते हेच. तिचं तेल मुख्यतः फुलोऱ्यात असतं, पानात त्याहून कमी, दांड्यात जवळजवळ नाहीच. फुलोरा कोवळा असताना त्यात जिरॅनिल ॲसिटेट जास्त असतं. फुलं उमलून दाणा धरू लागतो तसं त्यातलं बरंचसं जिरॅनिऑलमध्ये बदलतं. गुलाबासारखा वास जिरॅनिऑलचा, आणि चांगल्या तेलात ते ७५ ते ८५ टक्के असतं. म्हणून पूर्ण फुलल्यावर आठ-दहा दिवसांनी कापायचं. त्याआधी नाही, आणि दाणे झडेपर्यंतही नाही. एकेकाळी हे तेल मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानच्या बाजारात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. त्यामुळे युरोपात त्याला तुर्की जिरॅनियमचं तेल म्हणू लागले होते. आपल्या बरड रानातल्या गवताने एवढा प्रवास केलाय, हे मला दरवर्षी ते कापताना आठवतं.

आता वाळवण. इथं मी जरा थांबून लिहितो, कारण सगळ्यांत जास्त तेल इथंच जातं.

सुगंधी तेल म्हणजे एकच पदार्थ नव्हे, अनेक घटकांचं मिश्रण असतं. काही हलके, लवकर उडणारे, काही जड. कूलरला पूर्वी वाळ्याच्या ताट्या लावायचो, आठवतं? पूर्ण उन्हाळा त्यावर पाणी पडायचं, गरम हवा त्यातून जायची, तरी जूनपर्यंत वास यायचा. वाळ्याचं तेल जड घटकांचं आहे, ते जागा सोडत नाही. तुळशीच्या पानांची तशी ताटी केली तर आठवडाभरही वास राहणार नाही. वाळवताना जे जातं ते आधी हलकं जातं. म्हणून चुकीच्या वाळवणीत तेल कमी होतं आणि उरलेल्याचा वासही बदलतो, ताजेपणा जाऊन जड, औषधी वास राहतो. पानातलं पाणी बाहेर पडताना थोडं तेल सोबत घेऊन जातं, हे टळत नाही. आपल्या भट्टीचं तत्त्वही तेच. गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक सिट्रल. ते एकटं उकळायला २२९ अंश लागतात, पण वाफेसोबत ते १०० च्या आतच निघून येतं. स्लॅबवर तुम्ही नकळत एक उघडी भट्टी चालवली आणि तिला वाफ थंड करून तेल परत मिळवणारा कंडेन्सर नव्हता.

मे महिन्यात ज्या स्लॅबवर अनवाणी पाय टेकवत नाही, तिथं तुळशीचं पान काय टिकणार? वरून थेट ऊन, खालून तापलेलं सिमेंट. उष्णतेने ग्रंथींचा पापुद्रा फाटतो, उन्हाने हिरवा रंग उडतो आणि हवेतल्या ऑक्सिजनबरोबर तेल बिघडायला लागतं. तपकिरी रंग, गेलेला वास, दोन्ही त्यातून आले.

कुठलंही पुस्तक उघडा, सावलीत वाळवा असं सांगतं, आणि ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका असंही सांगतं. दोन्ही बरोबर. पण आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४५ च्या पुढे जातं. पुस्तकातली सावली आणि वणी-चंद्रपूरची सावली एक नव्हे. टिनाच्या शेडमध्ये तर त्याहून वाईट. टिन तापून खाली भट्टीसारखी धग मारतो. मी अनेक शेतकऱ्यांना टिनाखाली वाळवताना पाहतो आणि सावलीत वाळवली तरी वास गेला अशी तक्रार ऐकतो. ती सावली होती, पण थंड नव्हती.

माझा सल्ला असा. वर्षाचे तीन भाग पाडा. जुलै ते सप्टेंबर वाळवायच्या भानगडीत पडू नका, जे कापाल ते सरळ भट्टीत. हवेत इतकी ओल असते की पान आठ दिवस झाले तरी लवचीकच राहतं आणि त्याआधी काळं पडतं किंवा बुरशी धरतं. ऑक्टोबरचा पाऊस थांबल्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपला खरा वाळवणीचा हंगाम. हवा कोरडी, ऊन मऊ, सावलीत २५ ते ३२ अंश. चार ते सात दिवसांत माल हिरवा आणि सुवासिक वाळतो. तुळशीचं मुख्य वाळवण याच काळात यावं, अशा हिशेबाने लागवड करा. मार्च ते जून वाळवायचंच असेल तर घरात, मातीच्या भिंतींच्या खोलीत. तिथं बाहेरच्यापेक्षा बराच गारवा असतो, आणि आपल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की उन्हाची गरजच पडत नाही. दुपारी दारं-खिडक्या बंद, रात्री उघड्या. दोन दिवसांत तुळस चुरचुरीत होते. फक्त त्या खोलीत कूलर लावू नका. कूलरची हवा ओली असते, वाळलेलं पान ती ओल परत ओढून घेतं.

जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घराचा माळा यासाठी फार उत्तम. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि बाजूने हवा फिरत राहते. तुमच्याकडे तसं घर शिल्लक असेल तर पाडू नका, नवं घर बांधलं तरी. जमिनीवर पसरू नका. बांबूचे तट्टे किंवा जाळी, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, म्हणजे खालूनही हवा लागते. थर दोन-तीन बोटांचा. दिवसातून एकदा हलक्या हाताने उलथवा. तुळशीला शक्यतो उलथवण्यापेक्षा टांगा. मूठभर काड्यांची सैल पेंडी, सुतळीने बांधून, मंजिरी खाली करून दोरीवर. जाड पेंडी बांधली तर आतली पानं काळी पडतात. गवती चहा चहापत्तीसाठी वाळवायचा असेल तर बोटभर लांबीचे तुकडे करतात, ते ठीक, पण धारदार विळीने करा. बोथट हत्याराने पान चेचलं जातं, कापलेल्या टोकाला तपकिरी कड येते आणि तेल तिथूनच जातं.

बचत गटांना सोलर ड्रायर मिळतात, त्यांबद्दलही सांगतो. वस्तू चांगली आहे. धूळ, माश्या, पाऊस यांपासून माल वाचतो. पण उन्हाळ्यात झरोके बंद ठेवले की आतलं तापमान सहज ६० च्या वर जातं. मिरचीला, टोमॅटोला ते चालतं, तुळशीला नाही. साधा थर्मामीटर आत टांगा आणि ४० च्या पुढे गेला की झरोके उघडा. काचेवर किंवा प्लास्टिकवर एक थर हिरवी शेडनेट टाकली तर थेट ऊनही अडतं.

इथं एक हिशेब समजून घ्या, कारण यावर लोक फसतात. समजा १०० किलो ताजा माल आहे. त्यात ८० किलो पाणी आणि ५०० ग्रॅम तेल. म्हणजे तेल अर्धा टक्का. तो वाळवून १० टक्के ओलाव्यावर आणला की वजन उरतं साधारण २२ किलो. वाळवताना २०० ग्रॅम तेल उडालं, ३०० राहिलं. आता प्रयोगशाळेत दिलं तर अहवाल सांगेल १.३५ टक्के. शेतकरी खूश होतो की वाळवल्यावर तेल वाढलं. वाढलं नाही, पाच हिश्श्यांतले दोन हिस्से गेले. पाणी निघून गेल्यामुळे टक्केवारी वाढलेली दिसते एवढंच. दोन वाळवणींची तुलना करायची असेल तर सुरुवातीचा ताजा माल किती होता ते लिहून ठेवा आणि त्यामागे तेल किती निघालं ते बघा.

यावरून पुढचाही निर्णय होतो. तेल काढायचं असेल तर आपल्या या पिकांसाठी पूर्ण वाळवू नका, ताजं किंवा जरा सुकवलेलं भट्टीत घाला. वाळवायचं ते पानच विकायचं असेल तेव्हा. पचौली ही सुगंधी वनस्पती याला अपवाद आहे. तिचं पान वाळवून, काही काळ ठेवून मग तेल काढतात आणि ते अधिक चांगलं मानतात.

वाळलं हे कसं ओळखायचं? पान मुठीत दाबलं की चुरचुर वाजलं पाहिजे आणि काडी वाकवली की कटकन मोडली पाहिजे. पान आधी वाळतं, काडी मागून. पान वाजतंय म्हणून पोतं भरलं आणि काडीत ओल राहिली, तर दोन-चार दिवसांत ती ओल काडीतून परत पानात येते आणि पोत्याच्या मधोमध बुरशीचा वास सुटतो. पान झोडून वेगळं करा, काड्या चुलीत घाला. भरण्यासाठी दुपारची वेळ घ्या, तेव्हा पान सगळ्यांत कोरडं असतं. रात्रभर बाहेर राहिलेला माल सकाळी भरला तर दवाची ओल आत जाते. पण गरम असताना भरू नका, घटकाभर सावलीत निवू द्या, नाहीतर पिशवीच्या आत घाम धरतो.

पान अख्खं ठेवा. चुरा करून, पूड करून ठेवू नका, गिऱ्हाईक मागेल तेव्हा करा. हळकुंडं वर्षभर राहतात आणि दळलेल्या हळदीचा वास काही महिन्यांत उतरतो, हे वायगावच्या हळदीच्या गावात कोणालाही विचारा. तुळशीचं तर पूड केल्याबरोबर सगळं उघडं पडतं. आत अन्नासाठीची जाड प्लास्टिक पिशवी, बाहेर बारदाना, तोंड घट्ट बांधलेलं. नुसत्या बारदान्यात ओल आत येते आणि वास बाहेर जातो. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर, अंधाऱ्या खोलीत. पायाने ठासू नका, हे पुन्हा सांगतो.

त्याच खोलीत युरियाची पोती, फवारणीची औषधं, रॉकेलचा डबा असलं काही नको. आपल्या घरात जागा कमी असते आणि सगळं एका खोलीत कोंबलं जातं, पण वाळलेलं पान बाहेरचा वास फार लवकर पकडतं. माझा एक पूर्ण पोत्यांचा थर कीटकनाशकाच्या सांडलेल्या बाटलीमुळे जाळावा लागला. तो विकता आला असता, कुणाला कळलंही नसतं कदाचित. पण ते पान कुणाच्या तरी चहात जाणार होतं.

आता तुमच्या कॅनमधल्या तेलाकडे येतो. तेल बिघडवणाऱ्या गोष्टी चार: हवा, उजेड, उष्णता आणि पाणी. तुमच्या कॅनमध्ये चारही होत्या असं दिसतं. तेल विकत-विकत कॅन अर्धा रिकामा झाला, म्हणजे अर्ध्या कॅनमध्ये हवा. पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे उजेड. वरच्या खोलीतला मे महिना. आणि तेल भट्टीवरून आणल्यावर नीट निवळू न देता भरलं, तळाशी पाण्याचा थर राहिला. सिट्रल फार नाजूक असतं. हवेने ते बिघडतं, त्याचे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि तेल दाट, चिकट होतं. आंबटपणा असेल तर आणखी लवकर. व्यापारी सिट्रल ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर मागतो, असं तेल तिथं उभं राहत नाही. तिखाडीच्या तेलात पाणी राहिलं तर जिरॅनिल ॲसिटेट हळूहळू फुटतं आणि व्हिनेगरसारखी चुणूक येते.

भट्टीवरून आणलेलं तेल एक रात्र शांत ठेवा, पाणी खाली बसतं, ते काढून टाका. तेल तरीही धुरकट दिसलं तर निर्जल सोडियम सल्फेट टाकून हलवा, ते उरलंसुरलं पाणी शोषून घेतं, मग गाळा. तुळशीच्या तेलाला इथं जास्त वेळ द्या. त्यातलं युजेनॉल पाण्यापेक्षा जड आहे, त्यामुळे ज्या तेलात ते भरपूर असतं ते पाण्यावर पटकन तरंगून वेगळं होत नाही. घाई केली तर तेल पाण्याबरोबर वाहून जातं आणि आपण म्हणतो उतारा कमी आला.

भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा अॅल्युमिनियमचं, थोडं तेल असेल तर तपकिरी काचेची बाटली. लोखंड नको. युजेनॉलसारखे घटक लोखंडाला लागले की तेल काळपट-लाल होतं. साधं प्लास्टिक नको, रबराचं बूच नको, दोन्ही तेलात विरघळतात किंवा फुगतात. भांडं तोंडापर्यंत भरलेलं हवं. अर्धं संपलं की उरलेलं लहान भांड्यात ओता. कंटाळवाणं काम आहे, पण फरक सगळ्यांत जास्त त्यानेच पडतो. ठेवायची जागा घरातला सगळ्यांत गार कोपरा. आमच्याकडे ती पाण्याच्या रांजणाशेजारची मातीची खोली आहे. फ्रिजमध्ये ठेवलं तर उत्तमच, फक्त बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.

वाळ्याचं तेल वर्षानुवर्षं मुरत जातं, चंदनाचंही. त्यावरून काही जण सगळीच तेलं जुनी चांगली म्हणतात. गवती चहा, तुळस, संत्र्याच्या सालीचं तेल यांना ते लागू नाही. ही वर्षाच्या आत विकावीत. संत्र्याच्या सालीत मुख्यतः लिमोनीन असतं आणि ते हवेला फार लवकर बळी पडतं. बिघडलेल्या लिमोनीनने, लिनालूलने त्वचेला ॲलर्जी येते. तुमचा गट साबण करतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे ठळक सांगतो: दाट झालेलं जुनं तेल साबणात, मालिशच्या तेलात, उटण्यात कशातही घालू नका. फरशी पुसायच्या पाण्यात वापरून संपवा, हातमोजे घालून. आणि नव्या तेलात तर अजिबात मिसळू नका. थोडं जुनं तेल चांगल्या कॅनचा बिघाड सुरू करून देतं, आणि व्यापाऱ्याचा जीसी अहवाल (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक मोजणारी तपासणी) ते लपू देत नाही.

प्रत्येक खेपेची दहा मिलीची एक बाटली बाजूला ठेवा. तिच्यावर कापल्याची तारीख, भट्टीची तारीख, वावराचा तुकडा, त्या दिवशी ढग होते की ऊन, एवढं लिहा. तीन वर्षांत तुमच्याच वावराचं असं पंचांग तयार होईल जे मी किंवा कुणीही देऊ शकणार नाही. माझ्या वावरात तिखाडीची सगळ्यांत चांगली खेप कुठल्या आठवड्यात येते ते मला या बाटल्यांवरून कळलं. नव्या ठोंबांची किंवा जातींची माहिती हवी असेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातलं नागार्जुन वनौषधी उद्यान एकदा पाहून या. एका दिवसाचं काम आहे आणि तिथं पीक उभं बघायला मिळतं.

यंदा तुमच्याकडे आता जो गवती चहा उभा आहे, त्याचे पिवळे शेंडे आधी विळ्याने उडवून द्या, दोन-तीन दिवसांची सलग उघडीप बघा, भट्टीवाल्याला फोन करून नंबर पक्का करा आणि मग सकाळी कापायला बाया लावा. तुळशीची फक्त दोन ओळींची वाळवण यंदा ऑक्टोबरात, कवेलूखाली, पेंड्या टांगून करून बघा. ती आणि स्लॅबवरच्या तुळशीची उरलेली मूठभर पानं, दोन्ही वेगळ्या कागदांत बांधून त्याच व्यापाऱ्याला दाखवा.